वर्डमधील मजकूर एका रेषेत कसा आणावा : सोसायटीच्या सूचनेवरून नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, महाराष्ट्रातील सहकारी गृहरचना संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर आला की कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर अशा पुण्याच्या सगळ्याच भागांत सोसायट्यांच्या फलकांवर सभेच्या सूचना लागू लागतात. बहुतेक सूचना सचिवांनी किंवा एखाद्या उत्साही सभासदाने घरच्या संगणकावर तयार केलेल्या असतात. मजकूर नेटका असतो, शुद्धलेखनही तपासलेले असते. तरीही रकमा एकाखाली एक येत नाहीत, विषयाची दुसरी ओळ थेट समासाला जाऊन टेकते आणि अध्यक्ष-सचिवांची नावे सह्यांच्या जागेपासून बाजूला सरकलेली दिसतात. लिहिणाऱ्याने काळजी घेतली नाही म्हणून असे होत नाही. जागा सोडण्यासाठी स्पेसबार वापरला, एवढेच त्याचे कारण असते.

म्हणून या लेखात एकाच गोष्टीवर भर दिला आहे. मजकूर कोठे उभा राहावा हे प्रोग्रॅमला सांगावे. स्पेस मोजून मजकुराला तेथे ढकलू नये. उदाहरणासाठी सभेची सूचनाच घेतली आहे, कारण मधोमध शीर्षक, उजवीकडे तारीख, लांबलेला विषय, रकमांचा तक्ता आणि शेजारी-शेजारी सह्या असे सगळे प्रकार तिच्यात एकत्र येतात. सूचना नीट बसवता आली की अर्ज, इतिवृत्त, मंडळाचा जमाखर्च किंवा महाविद्यालयातला प्रकल्प अहवाल बसवणे अवघड जात नाही.

स्पेसबारने काम का होत नाही

ज्यांनी टाइपरायटरवर टंकलेखन शिकले, त्यांना स्पेस मोजण्याची सवय असणे स्वाभाविक आहे. त्या यंत्रावर कळ दाबली की कागदाची गाडी ठरावीक अंतरच सरकत असे. अक्षर अरुंद असो वा रुंद, त्याला मिळणारी जागा सारखीच. त्यामुळे दहा स्पेस दिल्या की प्रत्येक ओळीतला मजकूर त्याच ठिकाणी सुरू होई. आता पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही संगणकावर होतात, पण स्पेस मोजण्याची रीत अनेक घरांत आणि कार्यालयांत तशीच चालत आली आहे. संगणकावरच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. ‘र’ अरुंद असतो, ‘क्ष’ रुंद असतो. ‘वीज’ आणि ‘सुरक्षारक्षकांचे वेतन’ या दोन शब्दप्रयोगांपुढे कितीही जपून स्पेस दिल्या, तरी पुढचे आकडे केसभर मागेपुढे राहतातच, कारण स्पेसच्या रुंदीच्या पटीत ती तफावत बसत नाही.

त्याहून मोठी अडचण छपाईच्या वेळी येते. घरी ‘कोकिला’ फॉन्टमध्ये केलेली फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली आणि तेथे तो फॉन्ट नसला, तर प्रोग्रॅम दुसरा एखादा फॉन्ट घालतो. ‘कोकिला’ आणि ‘मंगल’ हे दोन्ही फॉन्ट १२ पॉइंटवर ठेवून पाहिले, तर ‘मंगल’ बराच मोठा भरतो. अशा वेळी ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि स्पेस देऊन साधलेला सगळा मेळ विस्कटतो. टॅब स्टॉप (टॅबची कळ दाबल्यावर मजकूर जेथे जाऊन थांबतो ती जागा), इंडेंट (समासापासून आत सोडलेले अंतर) आणि तक्ता यांची अंतरे मात्र सेंटिमीटरमध्ये ठरलेली असतात, म्हणून फॉन्ट बदलला तरी ती जागा सोडत नाहीत.

आधी पानाची आखणी

काही टाइप करण्यापूर्वी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली म्हणजे मोजमापाचे एकक. वर्डमध्ये इंच दिसत असतील तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ या क्रमाने जाऊन ‘डिस्प्ले’ या भागात सेंटिमीटर निवडावे. दुसरी गोष्ट म्हणजे कागदाचा आकार. आपल्याकडे ए-फोर कागद वापरला जातो आणि त्याची रुंदी २१ सेंटिमीटर असते. फाइलमध्ये ‘लेटर’ आकार राहून गेला असेल तर तो ‘लेआउट’मधून बदलावा. तिसरी गोष्ट समासाची. सूचनेची प्रत पंच करून दप्तरी लावायची असते, म्हणून डावीकडे ३ आणि उजवीकडे २ सेंटिमीटर समास ठेवणे सोयीचे ठरते. २१ मधून हे ५ वजा केले की मजकुरासाठी नेमकी १६ सेंटिमीटर रुंदी उरते. हा १६ चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा पुन्हा लागेल.

चौथी गोष्ट नवशिके हमखास टाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगाची आहे. ‘होम’ पट्टीवर उलट्या ‘पी’सारखी दिसणारी परिच्छेदाची खूण असते, ती दाबावी. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबूनही तेच होते. लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी कंट्रोल आणि एफ-१० आहे. ही खूण चालू केली की प्रत्येक स्पेसच्या जागी बारीक ठिपका, टॅबच्या जागी बाण आणि एंटरच्या जागी तीच परिच्छेदाची खूण दिसू लागते. या खुणा छापल्या जात नाहीत. ओळ वाकडी का झाली याचे उत्तर त्यांच्यात दिसते, म्हणून काम पूर्ण होईपर्यंत त्या चालू ठेवाव्यात. त्याबरोबर ‘व्ह्यू’मधून ‘रूलर’ म्हणजे मोजपट्टीही चालू करावी.

शीर्षक आणि चार प्रकारची मांडणी

संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता मधोमध हवा असतो. त्या ओळींत कर्सर ठेवून कंट्रोल आणि ई दाबावे. डावीकडे आणण्यासाठी कंट्रोल आणि एल, उजवीकडे नेण्यासाठी कंट्रोल आणि आर, दोन्ही कडा सरळ करण्यासाठी कंट्रोल आणि जे. वर्ड आणि लिबरऑफिस रायटर या दोन्हींत या कळा सारख्याच आहेत. गूगल डॉक्समध्ये त्यांच्या जोडीला शिफ्टही दाबावी लागते. ही मांडणी संपूर्ण परिच्छेदाला लागू होते आणि परिच्छेद एंटरने संपतो, हे समजून घ्यावे. त्यामुळे एकाच ओळीतला अर्धा मजकूर डावीकडे आणि अर्धा उजवीकडे हवा असेल, तर या कळांनी ते साधत नाही. त्यासाठी टॅब स्टॉप लागतो.

जावक क्रमांक आणि दिनांक एकाच ओळीत

शीर्षकाखाली डावीकडे ‘जा. क्र.’ आणि त्याच ओळीत उजव्या कडेला ‘दिनांक’ लिहिण्याची आपली पद्धत आहे. ही ओळ नीट बसवता आली की टॅब समजला असे मानायला हरकत नाही, म्हणून येथे घाई करू नये. प्रथम जावक क्रमांक टाइप करावा, एकदाच टॅब दाबावा आणि लगेच दिनांक लिहावा. ओळ अजून वेडीवाकडी दिसेल; ती तशीच राहू द्यावी.

आता मोजपट्टीच्या अगदी डाव्या टोकाला पाहावे. तेथे एक छोटी चौकट असते आणि तिच्यात इंग्रजी ‘एल’सारखी खूण असते. ती चौकट क्लिक करत गेले की खूण बदलते : आधी डावा टॅब, मग मधला, मग आरशात पाहिल्यासारखा उलटा ‘एल’. हा उलटा ‘एल’ म्हणजे उजवा टॅब. तो दिसताच थांबावे आणि मोजपट्टीवर १६ च्या आकड्याजवळ क्लिक करावे. माऊसने नेमके १६ साधले नाही, तर बसलेल्या खुणेवर दोनदा क्लिक करावे. टॅबची चौकट उघडते आणि तेथे १६ हा आकडा हाताने टाकता येतो. आता दिनांकाचे शेवटचे अक्षर उजव्या समासाला येऊन टेकलेले दिसेल. तारीख ‘५ मे’ असो वा ‘१५ सप्टेंबर’, ती उजव्या कडेलाच चिकटून राहील आणि डावीकडे वाढत जाईल. स्पेस देऊन बसवलेली तारीख बदलली की ओळ प्रत्येक वेळी नव्याने जुळवावी लागते. येथे ते काम उरत नाही.

टॅब स्टॉप न लावता टॅबची कळ दाबली, तर वर्डमध्ये कर्सर सव्वा सेंटिमीटरच्या थोड्या पुढच्या, १.२७ सेंटिमीटरच्या, टप्प्यांनी उड्या मारतो. हे अंतर म्हणजे अर्धा इंच. म्हणून अनेक जण एकामागून एक सहा-सात टॅब देतात. हा प्रकारही स्पेसबारच्याच जातीचा आहे. खुणा चालू असताना एकापुढे एक असे दोन बाण दिसले, तर तेथे टॅब स्टॉप लावायचा राहिला आहे असे समजावे.

टॅबच्या त्याच चौकटीत ‘लीडर’ नावाचा पर्याय असतो. अनुक्रमणिकेत मजकुरापासून पानाच्या आकड्यापर्यंत जाणारे ठिपके त्यातून आपोआप येतात आणि ‘सदनिका क्र.’ किंवा ‘सही’ यांच्यापुढची रिकामी रेघही त्यातून काढता येते. अधोरेषेची कळ दाबून काढलेल्या रेघा कधीच एका लांबीच्या होत नाहीत, त्यामुळे भरून घ्यायच्या नमुन्यात लीडर अवश्य वापरावा.

‘विषय’ची दुसरी ओळ

‘विषय :’ या शब्दानंतर येणारे वाक्य बहुधा दोन ओळींचे असते आणि दुसरी ओळ पहिल्या ओळीतल्या मजकुराखाली यावी, ‘विषय’ या शब्दाखाली येऊ नये, असा आपला संकेत आहे. तेथे बहुतेक जण पहिली ओळ भरल्यावर एंटर दाबतात आणि दुसऱ्या ओळीला स्पेस देतात. पुढे एखादा शब्द वाढवला की एंटर वाक्याच्या मध्ये अडकतो आणि ओळ अर्ध्यावर तुटते.

याला हँगिंग इंडेंट हा उपाय आहे. ‘विषय :’ लिहावे, एक टॅब द्यावा आणि पूर्ण वाक्य एंटर न दाबता टाइप करावे. त्यानंतर परिच्छेदात कर्सर ठेवून ‘पॅराग्राफ’ची चौकट उघडावी, ‘स्पेशल’ या रकान्यात ‘हँगिंग’ निवडावे आणि अंतर २ सेंटिमीटर द्यावे. पहिली ओळ समासापासून सुरू होते, बाकीच्या सर्व ओळी २ सेंटिमीटर आत उभ्या राहतात आणि टॅबनंतरचा मजकूरही त्याच ठिकाणी येतो. ‘संदर्भ :’ खाली असेल तर त्यालाही हेच २ सेंटिमीटर द्यावेत, म्हणजे दोन्हींचे मजकूर एका उभ्या रेषेत येतात. मोठ्या अक्षरात ‘संदर्भ :’ या शब्दालाच २ सेंटिमीटर पुरले नाहीत, तर दोन्हीकडे २.५ करावेत.

सभेपुढील विषयांची यादीही अशीच बसते. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, ‘वार्षिक अहवाल व हिशेबपत्रके स्वीकारणे’, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे’ अशा ओळींना क्रमांकासाठी १ सेंटिमीटरचा हँगिंग इंडेंट पुरतो. वर्डचे आपोआप पडणारे क्रमांक वापरले तर तो इंडेंट आयता मिळतो; तेथे देवनागरी आकडे मिळाले नाहीत, तर आकडा हाताने लिहून टॅब द्यावा. दिसायला काही फरक पडत नाही.

दोन्ही कडा सरळ कराव्यात का

छापील पुस्तकांत दोन्ही कडा सरळ असतात, म्हणून सूचनेतही तसेच करावे असे अनेकांना वाटते. मराठीत मात्र हे विचार करून करावे. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे ‘महानगरपालिकेच्या’, ‘सभासदांसमोर’ असे लांब शब्द सारखे येत असतात, आणि ओळीच्या शेवटी मराठी शब्द तोडण्याची सोय या प्रोग्रॅममध्ये सहसा चालू नसते. लांब शब्द ओळीत मावला नाही की तो अख्खा खालच्या ओळीत जातो आणि वरच्या ओळीतले उरलेले शब्द ताणले जाऊन त्यांच्यात भगदाडे पडतात. १६ सेंटिमीटर रुंदीच्या ओळीत हे फारसे जाणवत नाही. दोन स्तंभांच्या पत्रकात किंवा तक्त्याच्या अरुंद घरात फार खटकते. माझे मत असे की प्रबंध, स्मरणिका, पुस्तक यांत पूर्ण रुंदीच्या मजकुराच्या दोन्ही कडा सरळ कराव्यात, सूचनेचा आणि पत्राचा मजकूर डावीकडून सरळ ठेवावा, आणि तक्त्याच्या घरात कंट्रोल-जे कधीच वापरू नये.

कडा सरळ केलेल्या परिच्छेदात एखादीच ओळ विचित्र ताणलेली दिसली, तर खुणांमध्ये पाहावे. ओळीच्या शेवटी वाकडा बाण असेल. तो शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबल्याने येतो. तो काढून साधा एंटर दिला की ताण जातो. ‘रु.’ आणि रक्कम, ‘श्री.’ आणि नाव, ‘क्र.’ आणि आकडा यांची ओळीच्या टोकाला ताटातूट होऊ नये म्हणून त्यांच्यामधली स्पेस कंट्रोल आणि शिफ्ट दाबून द्यावी. अशी जोडी नेहमी एकाच ओळीत राहते.

रकमांचा तक्ता

मालमत्ता कर, वीज, टँकरचे पाणी, सुरक्षारक्षकांचे वेतन, लिफ्टची देखभाल या बाबी आणि त्यांपुढच्या रकमा यांसाठी सरळ तक्ता घालावा. चार-पाच ओळी टॅबनेही बसतात, पण ‘इमारतीच्या गच्चीचे जलरोधक काम व त्यासंबंधीची किरकोळ दुरुस्ती’ यासारखी बाब दोन ओळींची झाली की टॅबची मांडणी कोलमडते. तक्त्यात बाब कितीही ओळींची झाली तरी रक्कम आपल्याच घरात राहते.

रकमेचा रकाना निवडून कंट्रोल आणि आर द्यावे. बाबींचा रकाना डावीकडेच असू द्यावा. रकमा मधोमध ठेवू नयेत. रुपये ४,८५,२५०.०० आणि रुपये ९,६००.०० या दोन रकमा मधोमध ठेवल्या, तर एकक-दशकांची स्थाने एकाखाली एक येत नाहीत आणि कोणती रक्कम मोठी हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळत नाही. उजवीकडून बसवलेल्या रकमाही दोन कारणांनी चुकतात. एक म्हणजे काही रकमांपुढे पैसे लिहिलेले असतात आणि काहींपुढे नसतात. दुसरे म्हणजे काहींना ‘/-’ ही खूण असते आणि काहींना नसते. दोन्हींमुळे अंक आपल्या स्थानावरून सरकतात. म्हणून संपूर्ण रकान्यात एकच पद्धत ठेवावी. सर्व रकमांना ‘.००’ लावावे किंवा कशालाच लावू नये, आणि ‘रु.’ फक्त रकान्याच्या शीर्षकात लिहावे. काही देवनागरी फॉन्टांत १ हा अंक इतरांपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे सगळे काही बरोबर करूनही आकडे किंचित हललेले दिसतात. तसे झाले तर निदान त्या रकान्यापुरता फॉन्ट बदलून पाहावा.

तक्ता पुढच्या पानावर गेला तर पहिल्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ लावावे, म्हणजे शीर्षकाची ओळ त्या पानावरही पुन्हा येते. तक्त्याच्या घरात टॅब दाबला की कर्सर पुढच्या घरात जातो. घरातच टॅब हवा असेल तर कंट्रोल आणि टॅब एकत्र दाबावे.

सह्यांची जागा

अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्या सह्यांसाठी तीन रकान्यांचा आणि दोन ओळींचा तक्ता घालावा. वरच्या ओळीची उंची सहीपुरती, म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर ठेवावी, खालच्या ओळीत नाव आणि पद लिहावे, सर्व घरांना कंट्रोल आणि ई द्यावे आणि शेवटी ‘नो बॉर्डर’ निवडावे. रेघा नाहीशा होतात, मांडणी राहते. काम करताना घरे दिसावीत म्हणून ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ चालू ठेवावे. एखादे नाव लांब असले तर ते आपल्याच घरात दुसऱ्या ओळीवर उतरते, शेजारच्या नावाला धक्का लावत नाही.

सह्या एकट्याच दुसऱ्या पानावर गेल्या तर सूचना अपुरी वाटते. त्यासाठी शेवटचा परिच्छेद आणि तक्त्याची पहिली ओळ निवडून ‘पॅराग्राफ’च्या चौकटीत ‘कीप विथ नेक्स्ट’वर खूण करावी.

ओळींमधले अंतर

दोन परिच्छेदांत मोकळी जागा हवी असेल तर रिकामे एंटर देऊ नयेत. ‘पॅराग्राफ’मध्ये ‘आफ्टर’ या रकान्यात ६ किंवा ८ पॉइंट द्यावेत. नवे पान हवे असेल तर कंट्रोल आणि एंटर पुरते. ओळींच्या अंतरात ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय देवनागरीसाठी जपून वापरावा. १२ पॉइंटच्या अक्षराला नेमके १२ पॉइंट अंतर दिले की ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार किंवा ‘मूळ’मधला दीर्घ ऊकार कापला जाण्याचा संभव असतो. ‘मल्टिपल’ निवडून १.१५ द्यावे.

जुनी फाइल साफ करताना

गेल्या वर्षीची सूचना उघडून तारखा बदलण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती फाइल स्पेसने भरलेली असेल तर आधी तिची प्रत करून ठेवावी. मग वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबावे, शोधण्याच्या रकान्यात दोन स्पेस आणि बदलण्याच्या रकान्यात एक स्पेस देऊन ‘रिप्लेस ऑल’ करावे, आणि बदलांची संख्या शून्य येईपर्यंत ते पुन्हा करावे. जोडीने आलेले टॅब काढण्यासाठी कीबोर्ड इंग्रजीवर आणून सहाच्या कळेवरची कॅरटची खूण आणि लहान ‘टी’ ही जोडी शोधण्याच्या रकान्यात दोनदा आणि बदलण्याच्या रकान्यात एकदा लिहावी. रिकाम्या एंटरसाठी ‘टी’च्या जागी लहान ‘पी’ वापरावा. त्यानंतर वर सांगितलेले टॅब स्टॉप आणि इंडेंट लावावेत. गूगल डॉक्समध्ये काम करणाऱ्यांनी मोजपट्टीवर क्लिक केले की डावा, मधला आणि उजवा असे तीन प्रकारचे टॅब स्टॉप मिळतात; सूचनेसाठी तेवढे पुरतात.

छपाईला देताना मूळ फाइल देऊ नये, पीडीएफ द्यावी. तिच्यात फॉन्ट सोबत जातात, त्यामुळे दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अडत नाही. पीडीएफ एकदा मोबाइलवर उघडून तारखेची ओळ, रकमांचा रकाना आणि सह्या या तीन जागा पाहून घ्याव्यात. छापताना ‘फिट’ऐवजी ‘ॲक्च्युअल साइज’ निवडायला दुकानदारास सांगावे, कारण ‘फिट’मुळे पान थोडे लहान होऊन छापले जाऊ शकते आणि पंचिंगसाठी सोडलेला ३ सेंटिमीटरचा समास बदलतो.